बाजूले उभा आहे त्याले दिसते का?

दुरुस्तीच्या दुकानात एक डबा असते. टीव्ही खोला, कॉम्प्युटर खोला, परत जोडला की एकदोन स्क्रू उरतातच. कुठले उरले ते कोणालेच समजत नाई, अन् फेकवतही नाई, म्हणून त्या डब्यात टाकायचे. किस्स्यायचं तसंच आहे बाप्पा! आदिलाबादले बस स्टँडजवळच्या एका दुकानात मी कितीतरी वर्षं पडदे विकले. पडदे म्हणजे खिडकीचे नाई हो! काचेचे. पयले टीव्हीचे, मंग कॉम्प्युटरचे, अन् शेवटी शेवटी लॅपटॉपचे. माहा डबा कवाच भरला.

तुमी लोक इथं चहा पीत बसता अन् मले म्हणता, "वसंता, तुहे किस्से ऐकून आमाले हसू येते, पण सांगताना तू एवढा लाल काऊन होतो?" लाल होऊ नाई तं काय पिवळा होऊ? ऐका मंग आज सगळं, अन् तुमीच सांगा.

माहे बाबा तामसीकडचे. कापूस अन् ज्वारी. दर हंगामात बाबाची गाडी दत्तूसेठच्या जिनिंगवर जाई. तिथं मुनीम टेबलामागं बसे. वजन किती, ओलीपायी कापलेली तूट किती, भाव काय, सगळं तो कॉम्प्युटरमधी टाके. बाबा टेबलाच्या बाजूले उभे. बाबाले अक्षर जेमतेम वाचता ये, पण आकडे एकदम पक्के. पण आकडा दिसलाच नाई तं पक्का असून काय करता? पडद्याचं तोंड मुनीमकडे! बाबाले दिसे ते पडद्याचं ढुंगण.

अन् एक दिवस तोच दत्तूसेठ आमच्या दुकानात आला. म्हणे, "लाईट जाते अन् कॉम्प्युटर बसते. गाड्यायची लाईन लागते. मले बॅटरीवाला लॅपटॉप पायजे. आवारातच टेबल टाकतो, मुनीम बसन, बाजूले शेतकरी उभा राहीन. दोनचार दाखव."

त्या टायमाले लॅपटॉपमधी पडदे दोन जातीचे. एक स्वस्त, त्याले आमी डबल स्कॅन म्हणत. जो नाकासमोर बसन त्यालेच दिसे. जरासा बाजूले सरकला की काळं! दुसरा टीएफटी. महाग, पण कुठूनही पाहा, सारखाच दिसे. मी त्या दिवशीच मनात ठरवलं, दत्तूसेठच्या टेबलावर टीएफटीच बसवायचा. काहीही होवो, माह्या बापाले त्याच्या कापसाचा आकडा त्याच्या डोळ्यानं दिसला पायजे. बस!

दोन्ही नमुने हैद्राबादहून यायचे होते. यायले वेळ होता. तोवर मी रोज मनातल्या मनात दत्तूसेठले समजावून सांगू लागलो. कारण मले आतापर्यंतचे गिऱ्हाईक आठवे अन् धडकी भरे. पडद्याचं काम काय? दिसणं. पण पडदा घेणारा एकही माणूस मले कधी विचारे ना, की कोणाले दिसणार आहे!

* * *

आता हा टीव्हीच्या जमान्यातला.

तवा काही टीव्हीच्या पेटीले लाकडाचं शटर असे. सरकवायचं अन् कुलूप लावायचं. एका गावचा सरपंच पंचायतीसाठी टीव्ही घ्यायले आला. मी त्याले मोठ्या पडद्याचा दाखवला. म्हणलो, "भाऊ, चावडीसमोर अख्खं गाव बसन, मोठा घ्या. मागच्याले दिसन."

तो पडद्याकडे पाहेच ना! शटर मागंपुढं करे, कुलूप ओढे, कडीले हिसका दे. "मजबूत आहे न हे?"

"भाऊ, टीव्ही पाहा ना!"

"टीव्ही काय, सगळे सारखेच. हे कुलूप कोणत्या कंपनीचं?"

शेवटी बोटभर पडद्याचा पण दणकट शटरचा टीव्ही घेऊन गेला.

दोनेक वर्षांनी सर्व्हिसिंगले मी अन् शंकरन्ना त्या गावाले गेलो. शंकरन्ना म्हणजे आमचा मेकॅनिक. घरी तेलुगू, दुकानात मराठी अन् भांडताना उर्दू! जाऊन पाहतो तं काय, टीव्हीची किल्ली सरपंचाच्या करदोट्याले बांधलेली. सरपंच गावात असला तं टीव्ही उघडे. अन् सरपंच गावात कधी असे? आज तहसीलले, उद्या निर्मलले! संध्याकाळी लोक जेवणं उरकून चावडीसमोर येत, पोत्यावर बसत, बंद शटरकडे पाहत, बिडी ओढत अन् उठून घरी जात.

एक म्हातारी माह्याजवळ आली. हळूच विचारते, "बाबू, याच्या आत माणसं दिसतात म्हणते. खरं आहे का रे?"

काय सांगू तुमाले, तळपायाची आग मस्तकात गेली! तसाच सरपंचाच्या अंगावर गेलो. "अहो, टीव्ही गावाचा आहे! लोकायले पाहू काऊन देत नाई तुमी?"

तो बिलकुल चिडला नाई. करदोट्याची किल्ली काढली, शटर उघडलं, काचेवरून लेकराच्या गालावरून फिरवावा तसा हात फिरवला अन् म्हणला, "दोन वर्षं झाली, एक तरी रेघ पडली का काचेवर? शेजारच्या गावचा टीव्ही पाहून या. पाहून पाहून खराब केला लोकायनं!"

* * *

दुसरा मुधोळकडच्या एका शाळेतला.

शाळेले कॉम्प्युटर मंजूर झाला. हेडमास्तर निवडायले आले. माणूस सज्जन, पांढराशुभ्र सदरा, पण आपलं तेच खरं. मी म्हणलो, "सर, मॉनिटर रंगीत घ्या. पोरायले गोडी लागन."

"रंगीत नको. रंगीतनं मुलं बिघडतात."

"बरं, मंग मोठा घ्या. मागच्या बाकावरच्याले दिसन."

"मागच्या बाकावरचे कुठं अभ्यास करतात?"

घ्या! शेवटी काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटणारा, सगळ्यात लहान मॉनिटर घेतला. शाळेत त्याले वेगळी खोली. चपला बाहेर. पंखा चालू. दाराले कुलूप, कारण धूळ जाते! अन् मॉनिटरवर हेडमास्तरीणबाईनं स्वतः भरलेलं निळं कव्हर. त्याच्यावर दोन मोर अन् खाली पांढरी झालर. पोरं मधल्या सुट्टीत खिडकीच्या गजाले लटकून पाहत. मास्तर आला की पळत.

मी जवा जवा सर्व्हिसिंगले जाई तवा म्हणे, "सर, एक डाव तरी पोरायसमोर चालू करा."

"परीक्षा झाल्यावर."

परीक्षा झाल्यावर काय झालं असन? शाळेले सुट्टी लागली!

मंग एका वर्षी चित्रकलेच्या पेपरमधी प्रश्न आला. संगणकाचे चित्र काढा. मी नेमका त्या दिवशी शाळेत. मास्तरच्या टेबलावर पेपरचा गठ्ठा. सहज वर वर चाळला. अख्ख्या वर्गानं दोन मोर काढले होते! कोणी नाचणारे काढले, कोणी पिसारा मिटलेले काढले, पण झालर कोणी विसरलं नव्हतं.

मी रडू का शिव्या देऊ, काही समजे ना. एक पोरगं तेवढं हुशार निघालं. त्याचा कोणी काका आदिलाबादले असन. त्यानं काच काढली, काचेत अक्षरं काढली, खाली बटणायची पाटी, म्हणजे कीबोर्ड, काढली. मी म्हणलो, चला, एक तरी वाचलं!

हेडमास्तरनं त्यालेच शून्य दिलं. म्हणे, "आपल्या शाळेत असं काही नाही!"

* * *

कचेरीतला सांगू का? सांगतो. नाव कोणत्याच कचेरीचं घेत नाई, कारण खुर्चीवर माणूस कोणताही बसो, डोस्कं तेच असते.

तिथं सुलोचनाबाई नावाच्या टायपिस्ट होत्या. सकाळपासून संध्याकाळपर्यंत दरखास्ती टाईप करत. त्याईच्या टेबलावर जुना लहान मॉनिटर, सारखा लुकलुके. बाईच्या डोळ्यातून दिवसभर पाणी. एका हातानं टाईप करत, दुसऱ्या हातानं पदरानं डोळे पुसत. मले म्हणत, "वसंतभाऊ, घरी गेल्यावर भाकरी थापते तं ते पीठही लुकलुकते हो!"

अन् मंग ऑर्डर आली. नवा, मोठा, रंगीत मॉनिटर. मले वाटलं, सुटली बाई! मी स्वतः पाठीवर वाहून नेला. सुलोचनाबाईच्या टेबलावर ठेवणार तं शिपाई म्हणते, "इथं नाई. आत, साहेबाच्या टेबलावर."

नेला आत. वायर काढली अन् विचारलं, "साहेब, याचा सीपीयू कुठं आहे?"

"तो काय असते?"

"मुख्य डबा, साहेब. त्याच्याशिवाय याच्यात काहीच दिसत नाई."

"तो नको. टेबलाखाली पायाले लागन. नुसता हाच ठेवा."

शंकरन्ना माह्या बाजूले उभा. त्यानं तोंड एकदम गंभीर केलं. "सार, मग थर्मोकोलचा बनवून देतो ना. याच्यापेक्षा मोठा बनवतो. करंट पण नाई लागत."

साहेब विचारात पडले! खरं सांगतो, विचारात पडले! मंग म्हणले, "त्याले वेगळं टेंडर काढावं लागन."

तवा माह्याच्यानं राहवलं नाई. मी म्हणलो, "साहेब, तुमाले राग आला तं येऊ द्या. हा मॉनिटर बाहेर सुलोचनाबाईले द्या. त्याईचे डोळे जाऊन राह्यले."

साहेब माह्याकडे असे पाहायले लागले की जसा मीच मूर्ख आहो. म्हणले, "त्यांना मोठा कशाले? त्या तं नुसतं कामच करतात!"

* * *

हैद्राबादहून लॅपटॉपचे नमुने आले. एक डबल स्कॅन, एक टीएफटी. पण तवा हंगाम सरला होता अन् दत्तूसेठ बाहेरगावी गेला होता. म्हणून ते दुकानातच मांडले.

आता आमच्या मालकाची गंमत ऐका. मालकाले डबल स्कॅनवर जास्त सुटे. म्हणून त्यानं दुकानाच्या आतल्या अंधाऱ्या कोपऱ्यात एक खुर्ची टाकली. बाजूले दुसरी खुर्ची नाई, स्टूल नाई, उभं राहायले जागा नाई. एका अंगाले भिंत, दुसऱ्या अंगाले कपाट! गिऱ्हाईक त्या खुर्चीत बसला की हलूच शकत नसे. समोर पडदा असा झक्क दिसे की टीएफटी घ्यायची बुद्धीच नाई होणार!

मी एका गिऱ्हाईकाले म्हणलो, "भाऊ, जरा मान वाकडी करून पाहा."

झालं! मालकानं मले मागच्या खोलीत नेऊन झापला. "गिऱ्हाईकाच्या माना वाकड्या करायले ठेवला का तुले? तो घरी जाऊन समोरच बसन ना? का बायकोच्या खांद्यावरून पाहीन?"

"अन् बायकोले पाहायचं असलं तं?"

"तिले काय पाहायचं असते?"

दुसऱ्या दिवशी एक कंत्राटदार कोपऱ्यात बसलेला. अगदी खूश. पैसे काढायच्या बेतात. तेवढ्यात मालकीणबाई मालकाचा डबा घेऊन आल्या. कपाटाच्या फटीतून त्याईनं बाजूनं पडद्याकडे पाह्यलं अन् मोठ्यानं म्हणल्या, "अहो, काऊन बंद पडलेला विकून राह्यले त्याले? पाप लागन ना!"

कंत्राटदार उठून गेला. मालकानं त्या दिवशी डबा खाल्ला नाई. शंकरन्नानं अन् मी खाल्ला. वांग्याची भाजी होती. एकदम फर्स्ट क्लास!

* * *

हसू नका लेकहो, आता जो सांगतो त्याच्यात मी नवरदेवाच्या मामाची गचांडी धरता धरता राह्यलो होतो.

रामभाऊ म्हणून आमच्या ओळखीचे. भाजीपाला पिकवत. त्याईची पोरगी संगीता आमच्याच दुकानात कॉम्प्युटर शिकली. हात असा चाले की आमी पाहत राहावं. तिचं लग्न ठरलं. नवरदेव हैद्राबादले कॉम्प्युटरचा कोर्स करून राह्यला होता. तीन वर्षं झाली, कोर्स काही संपे ना! अन् त्याईच्याकडून निरोप आला, आंदणात लॅपटॉप पायजे.

निवडायले नवरदेवाचा मामा आला. मिशीले पीळ. मी विचारलं, "चालवणार कोण?"

"चालवायचं मागून पाहू. मांडवात शोभला पायजे. सगळ्यात मोठा दाखव!"

मोठा होता तो डबल स्कॅन. मी म्हणलो, "मामा, हा उजेडात दिसत नाई. बाजूनं तं बिलकुलच दिसत नाई. हा लहान टीएफटी घ्या."

"लहान? आमची इज्जत लहान आहे का?"

रामभाऊ बिचारे मान खाली घालून उभे. त्याईनं डोळ्यानंच मले खूण केली, जाऊ दे बाबा, देऊन टाक. नमुना दुकानातच ठेवला अन् तसाच दुसरा हैद्राबादहून मागवून दिला.

लग्न ऐन उन्हाळ्यात. मांडवाच्या तोंडाशी भर उन्हात सगळं आंदण मांडलेलं. कपाट, गादी, पितळेची भांडी, अन् मधोमध स्टुलावर लॅपटॉप, त्याच्यासमोर हळदकुंकू लावलेलं नारळ! मामानं सगळ्या वऱ्हाडाले गोळा केलं अन् लॅपटॉप चालू केला. भर दुपारच्या उन्हात काय दिसते? माती!

"खराब माल दिला!" मामानं बोंब ठोकली. "पंगत थांबवा! दुसरा येईपर्यंत नवरदेव बोहल्यावर चढणार नाई!"

रामभाऊनं हात जोडले. मी पंगतीतच बसलेलो, तसाच उष्ट्या हातानं उठलो. म्हणलो, "मामा, सावलीत घ्या, दिसन. नाई तं छत्री धरा."

"छत्री धरून पाहायचा आमी? भिकारी समजला का?"

म्हाताऱ्या रामभाऊनं वाकून मामाच्या पायाले हात लावला. माहं रक्त असं उसळलं ना! मी पुढं झालोच होतो. तेवढ्यात मुंडावळ्या बांधलेली संगीता घरातून बाहेर आली. बापाले हाताले धरून उभं केलं. स्टुलावरचा लॅपटॉप उचलला, ओसरीच्या सावलीत नेला, नवरदेवासमोर ठेवला. पडदा लख्ख दिसून राह्यला होता.

"तुमीच दाखवा चालवून," ती नवरदेवाले म्हणली.

नवरदेव बटणायकडे पाहते, मामाकडे पाहते, परत बटणायकडे पाहते. एक बोट पुढं केलं अन् मागं घेतलं.

संगीता मामाकडे वळली. म्हणली, "मामा, माल खराब आला असन तं बदलून देऊ. पण खराब कोणता आहे, ते पयले पक्कं पाहून घ्या!"

* * *

अन् शेवटी तो दिवस आला. कापसाचा नवा हंगाम लागला, दत्तूसेठ गावात परतला अन् मी दोन्ही लॅपटॉप घेऊन जिनिंगवर निघालो. दिवस मुद्दाम निवडला होता. त्या दिवशी बाबाची गाडी लागणार होती. म्हणलो, जे व्हायचं ते बाबाच्या समोरच होऊ दे.

आवारात पोचलो तं बाबाच्या कापसाचा सौदा चालू होता. आमच्याकडे सौदा कसा होई ते तुमच्यातल्या पोट्ट्यायले माहीत नसन. सेठ अन् आडत्या, म्हणजे मधला दलाल, दोघं समोरासमोर उभे राहत. हातात हात धरत अन् वरून रुमाल टाकत. रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरे. तोंडातून एक शब्द नाई! उघड बोली लावायचा कायदा कवाच झाला होता, पण दत्तूसेठच्या फाटकाच्या आत दत्तूसेठचाच कायदा. अन् ज्याचा कापूस, तो बाजूले उभा! रुमाल हलते तेवढं त्यानं पाहायचं. भाव त्याले शेवटी कळणार, तोही ते सांगतीन तेवढाच.

बाबा तसेच बाजूले उभे होते. एकदा सेठच्या तोंडाकडे पाहत, एकदा आडत्याच्या तोंडाकडे पाहत. आडत्या जरासा हसला तं बाबाही हसले, का हसले ते त्याईलेही ठाऊक नसन. एवढा राग आला मले! सेठचा आला, आडत्याचा आला, अन् खोटं कशाले सांगू, बाबाच्या त्या हसण्याचाही आला.

सौदा झाला. सेठनं रुमाल झटकून खांद्यावर टाकला अन् टेबलाजवळ आला. "हं, दाखव पोरा."

मी मुनीमच्या खुर्चीत बसलो अन् टीएफटी उघडला. बाबाचं नाव टाकलं, वजन टाकलं, ओलीची तूट टाकली, भाव टाकला. सगळे आपले मनचे आकडे. बाबाले म्हणलो, "बाबा, तिथं बाजूलेच राहा. दिसते का?"

बाबानं डोळे बारीक केले अन् एकेक आकडा मोठ्यानं वाचला. वजन वाचलं. तूट वाचली. तूट जास्त टाकली म्हणून मले रागावलेही! "एवढी ओल नाई रे आपल्या कापसाले!" त्या टेबलापाशी बाबा पयल्यांदाच आवाज चढवून बोलले. मले इतकं बरं वाटलं की विचारू नका.

मंग डबल स्कॅन उघडला. तेच आकडे टाकले. "आता?"

"काळं आहे रे बाबू. काहीच नाई."

दत्तूसेठ पुढं वाकला. त्याले काहीतरी पटल्यासारखं दिसलं. "थांबा पाटील," तो बाबाले म्हणला. "असे या अंगाले या. आता दिसते?"

"नाई."

"या बाजूनं?"

"नाई, सेठ."

"जरा वाका. हं. आता टाचा वर करा. आता?"

"काळंच आहे."

सेठनं आडत्याले उभं केलं. त्यालेही दिसे ना. हमालाले बोलावून उभं केलं. त्यालेही दिसे ना. मंग मले उठवलं अन् सेठ स्वतः मुनीमच्या खुर्चीत बसला. त्याले सगळं स्वच्छ दिसलं. परत बाबाले विचारलं, "अन् तुमाले अजूनही नाई? पक्कं?"

"पक्कं, सेठ. नाई दिसत."

तुमाले सांगतो, त्या घटकेले मले दत्तूसेठबद्दल आदर वाटला! सरपंचानं नाई विचारलं, हेडमास्तरनं नाई विचारलं, साहेबानं नाई, मामानं नाई. इतक्या वर्षांत हा पयला गिऱ्हाईक, जो उठून, वाकून, माणसं उभी करून विचारून राह्यला होता, बाजूले उभा आहे त्याले दिसते का? मी एकदम चेवात आलो. टीएफटी त्याच्यासमोर सरकवला.

"सेठ, डोळे झाकून हा घ्या. महाग आहे, पण एकदा हा टेबलावर आला की ज्याचा कापूस त्याले सगळं दिसन. तुमाले तो खांद्यावरचा रुमाल लागणारच नाई!"

सेठनं एकदा या लॅपटॉपकडे पाह्यलं, एकदा त्या लॅपटॉपकडे पाह्यलं. खांद्यावरच्या रुमालानं मानेचा घाम पुसला.

"रुमालाचं बरोबर बोलला पोरा," तो म्हणला, अन् त्यानं डबल स्कॅनवर हात ठेवला. "याले रुमालच लागत नाई. हाच दे!"